खेळ मध्येच बंद का पडतो? : लॅपटॉप आणि तर्कशास्त्राच्या पाच पद्धती

विषयप्रवेश

लॅपटॉपवरील खेळ हा विषय कला महाविद्यालयाच्या वार्षिकांकात कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. खेळ म्हटला की तो वेळेचा अपव्यय, आणि संगणक म्हटला की तो विज्ञान शाखेचा प्रांत, अशी एक सोयीस्कर विभागणी आपण करून ठेवलेली आहे. परंतु वसतिगृहाच्या कोणत्याही खोलीत डोकावले तर असे दिसेल की, ज्या लॅपटॉपवर दुपारी प्रकल्पाचे टंकलेखन होते त्याच लॅपटॉपवर रात्री व्हॅलोरंट किंवा जीटीए चालू असतो. घरच्यांनी पुष्कळदा हप्त्याने घेऊन दिलेले हे एकच यंत्र असते. त्यामुळे खेळ रंगात आला असताना पडदा एकाएकी काळा होतो तेव्हा प्रश्न केवळ खेळाचा राहत नाही. यंत्र बिघडले की काय, प्रकल्प गेला की काय आणि दुरुस्तीचे पैसे घरी कोणत्या तोंडाने मागावयाचे, हे तीन प्रश्न एकदम उभे राहतात.

अशा वेळी बहुतेकजण दोनपैकी एक मार्ग धरतात. पहिला मार्ग असा की, मित्र सांगतील ते सर्व उपाय एकाच रात्री करून टाकावयाचे : ड्रायव्हर बदलावयाचा, सेटिंग्ज उलटसुलट करावयाची, शेवटी विंडोज पुसून पुन्हा टाकावयाचे. दुसरा मार्ग असा की, सरळ दुकान गाठावयाचे. तेथे ‘मदरबोर्ड गेला’ असे कोणी सांगितले तर ते खरे की खोटे हे पडताळून पाहण्याचे कोणतेही साधन आपल्याजवळ नसते. हे दोन्ही मार्ग वरवर भिन्न दिसले तरी त्यांत एक उणीव समान आहे. दोहोंतही कारणाचा शोध घेतलेला नसतो.

हा शोध कसा घ्यावा, एवढेच प्रस्तुत लेखात सांगावयाचे आहे; आणि ती रीत आपल्याला परकी नाही. जॉन स्टुअर्ट मिल याने १८४३ साली प्रसिद्ध केलेल्या तर्कशास्त्रावरील ग्रंथात कार्यकारणसंबंध शोधण्याच्या पाच पद्धती सांगितल्या आहेत. तर्कशास्त्राच्या विद्यार्थ्याला त्या विगमनाच्या प्रकरणात भेटतात. त्यांपैकी पहिल्या दोहोंना मराठीत ‘अन्वय’ आणि ‘व्यतिरेक’ ही जी नावे मिळाली, ती तर मिलच्या कितीतरी आधीपासून न्यायदर्शनाच्या परिभाषेत रूढ होती. परीक्षेपुरत्या पाठ केलेल्या या पद्धती बंद पडणाऱ्या खेळाला लावून पाहिल्या तर काय हाती लागते, ते आता पाहू.

आधी लक्षण नीट पाहावे

‘गेम क्रॅश होतो’ हे वाक्य ‘पोटात दुखते’ या वाक्यासारखे मोघम आहे. वैद्य जसा कुठे, केव्हा आणि कसे दुखते हे आधी विचारतो, तसे आपणही विचारले पाहिजे. खेळ बंद पडण्याचे स्थूलमानाने चार प्रकार आहेत.

पहिल्या प्रकारात खेळ तेवढा बंद होतो आणि आपण डेस्कटॉपवर परत येतो. बाकी यंत्र ठणठणीत असते. येथे खेळाच्या फायली, ग्राफिक्सचा ड्रायव्हर, अपुरी रॅम किंवा खेळाच्या वर तरंगणारा एखादा दुसरा कार्यक्रम यांच्यावर संशय जातो.

दुसऱ्या प्रकारात चित्र गोठते, पडदा क्षणभर काळा होतो, पुन्हा उजळतो आणि मग खेळ बंद होतो. ग्राफिक्स कार्डाला काम सांगितल्यावर त्याच्याकडून ठरलेल्या अवधीत उत्तर आले नाही, तर विंडोज त्याचा ड्रायव्हर पुन्हा सुरू करते. हा अवधी सामान्यतः २ सेकंदांचा असतो. म्हणजे येथे ग्राफिक्स कार्डाचे काम अडले एवढे निश्चित कळते. ते का अडले हे मात्र शोधावे लागते.

तिसऱ्या प्रकारात संपूर्ण पडद्यावर दोषाचा संकेत दाखवून यंत्र स्वतःच पुन्हा सुरू होते. हा पडदा वर्षानुवर्षे निळा होता. विंडोज ११ मध्ये तो २०२५ साली काळा करण्यात आला. रंग कोणताही असो, त्यावरील संकेत उतरवून घ्यावा. येथे ड्रायव्हर किंवा यंत्राचा एखादा भाग दोषी असण्याचा संभव असतो.

चौथ्या प्रकारात कोणताही संदेश न देता लॅपटॉपच बंद होतो, जणू कोणी वीज तोडली. येथे पहिला संशय उष्णतेवर आणि दुसरा वीजपुरवठ्यावर घ्यावा.

आपल्या डोळ्यांनी जे दिसले नाही तेही विंडोजने नोंदवून ठेवलेले असते. स्टार्टच्या शोधपट्टीत ‘रिलायबिलिटी’ असे इंग्रजीत टाइप केले की दिवसवार आलेख उघडतो आणि कोणत्या दिवशी काय कोसळले हे लाल खुणेने दाखवतो. अधिक खोलात जावयाचे असेल तर इव्हेंट व्ह्यूअर उघडावा. त्यात ‘ॲप्लिकेशन एरर’ या नावाखाली १००० क्रमांकाची नोंद असते, आणि खेळ कोसळला तेव्हा कोणती फाइल चालू होती याचे नाव तीत असते. ते नाव ‘एनव्ही’ या अक्षरांनी सुरू होत असेल तर ती फाइल बहुधा एनव्हिडियाच्या ड्रायव्हरची, आणि ‘आयजीडी’ने सुरू होत असेल तर इंटेलच्या ग्राफिक्स ड्रायव्हरची असते. यंत्र अचानक बंद झाले असेल तर ‘कर्नल-पॉवर’ या नावाची ४१ क्रमांकाची नोंद सापडते. ती पाहून पुष्कळजण घाबरतात. वस्तुतः ती एवढेच सांगते की, मागच्या वेळी यंत्र रीतसर बंद झाले नव्हते. कारण ती सांगत नाही. प्रेत ज्याच्या दारात सापडले तोच खुनी असे समजणे जितके घाईचे, तितकेच नोंदीत नाव आले म्हणून त्या फाइलीला दोषी ठरवणे घाईचे होय.

नोंदवही

प्रयोगाला हात घालण्यापूर्वी दोन गोष्टी कराव्यात. पहिली, प्रकल्प, टिपणे आणि छायाचित्रे यांची प्रत पेन ड्राइव्हवर किंवा अन्यत्र काढून ठेवावी. खेळ पुन्हा उतरवून घेता येतो; सहा महिन्यांचे टिपण येत नाही. दुसरी, एक साधी वही घ्यावी. तीत तारीख, वेळ, खेळाचे नाव, सुरू केल्यापासून किती मिनिटांनी बंद पडला, बंद पडण्याचा प्रकार, चार्जर लावला होता की नव्हता, लॅपटॉप कशावर ठेवला होता आणि आदल्या वेळेपेक्षा काय बदलले होते, एवढे रकाने पुरेत. खेळ बंद न पडता नीट चालला, तर तीही नोंद करावी. पुढील सर्व पद्धती या वहीवर अवलंबून आहेत.

संगणकाच्या इतिहासातील एक प्रसिद्ध वस्तू अशीच एक नोंदवही आहे. ९ सप्टेंबर १९४७ रोजी हार्वर्ड विद्यापीठाच्या मार्क-२ या यंत्राच्या एका रिलेमध्ये अडकलेला पतंग तेथील कर्मचाऱ्यांना सापडला. त्यांनी तो चिकटपट्टीने वहीच्या पानावर चिकटवला आणि शेजारी नोंद केली. यंत्रातील दोषाला ‘बग’ म्हणजे किडा म्हणण्याचा प्रघात त्यापूर्वीही होता. पण खराखुरा किडा सापडल्याची ती नोंद आज वॉशिंग्टन येथील अमेरिकन इतिहासाच्या राष्ट्रीय संग्रहालयात जपलेली आहे. दोष सापडला की तो लिहून ठेवावयाचा, ही सवय त्या पानावरून घेण्यासारखी आहे.

पुढील विवेचनासाठी एक उदाहरण कल्पू. द्वितीय वर्षातील एका विद्यार्थिनीच्या लॅपटॉपला ८ जीबी रॅम आहे. जीटीए-५ खेळताना तो संदेशावाचून एकदम बंद पडतो. म्हणजे चौथा प्रकार. तिच्या वहीत अशा सहा नोंदी जमल्या आहेत.

१. अन्वय पद्धती

घटना जेव्हा जेव्हा घडली तेव्हा तेव्हा कोणती गोष्ट समान होती, हे पाहणे म्हणजे अन्वय पद्धती. अनेक खेळांपैकी एकच खेळ बंद पडतो काय? तसे असेल तर दोष त्या खेळात किंवा त्याच्या फायलींत शोधावा. सर्वच मोठे खेळ बंद पडतात काय? मग ड्रायव्हर, उष्णता, वीज आणि रॅम यांच्याकडे वळावे. खेळातील एका ठराविक मोहिमेवर किंवा ठराविक दारापाशीच प्रत्येक वेळी बंद पडतो काय? मग फायली खराब झाल्या असतील, किंवा मित्राकडून आणलेला एखादा मॉड दोषी असेल. सुरू होताक्षणीच बंद पडतो काय? मग खेळाला लागणारा एखादा पूरक घटक यंत्रात नसेल, किंवा सुरक्षा-व्यवस्था त्याला अडवत असेल. उदाहरणार्थ, व्हॅलोरंटच्या फसवणूकविरोधी प्रणालीला विंडोज ११ वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट ही दोन्ही चालू लागतात. ती बंद असली तर यंत्र निर्दोष असूनही खेळ उघडत नाही.

आपल्या विद्यार्थिनीच्या सहाही नोंदींत चार गोष्टी समान आहेत : वेळ रात्रीची, चार्जर लावलेला, लॅपटॉप गादीवर, आणि खेळ सुरू होऊन २० मिनिटांहून अधिक झालेली. आता या चारांपैकी कारण कोणते? ती फक्त रात्रीच खेळते. तेव्हा रात्र समान असणारच. येथे अन्वय पद्धतीची मर्यादा दिसते. ती संशयितांची यादी देते, निकाल देत नाही.

२. व्यतिरेक पद्धती

बाकी सर्व परिस्थिती तशीच ठेवून एकच गोष्ट बदलावी, आणि परिणाम बदलतो का ते पाहावे. ही व्यतिरेक पद्धती. पाचही पद्धतींत ती सर्वांत समर्थ आहे, आणि नेमकी तीच आपण मोडतो. एका रात्रीत पाच उपाय केले आणि खेळ चालू लागला, तर कोणत्या उपायाने चालला हे कधीच कळत नाही. पुढच्या महिन्यात तो पुन्हा बंद पडला की आपण जेथे होतो तेथेच.

एकच गोष्ट बदलणे वाटते तितके सोपे मात्र नाही. समजा, चार्जर काढून बॅटरीवर खेळून पाहिले आणि लॅपटॉप बंद पडला नाही. चार्जरच खराब, असा निष्कर्ष लगेच काढण्याचा मोह होतो. परंतु बॅटरीवर असताना लॅपटॉप आपला वेगही कमी करतो, म्हणून तो कमी तापतो. म्हणजे बदल एक केला असे वाटले तरी प्रत्यक्षात दोन झाले. चार्जरची परीक्षा घ्यावयाची तर त्याच कंपनीचा आणि तितक्याच वॅटचा दुसरा चार्जर लावून पाहावा. येथे वॅटचा आकडा महत्त्वाचा आहे. खेळांसाठी बनवलेल्या कित्येक लॅपटॉपना १८० ते २३० वॅटचा चार्जर लागतो. त्यांना फोनसारखा ६५ वॅटचा टाइप-सी चार्जर लावून मोठा खेळ चालवणे म्हणजे नळाच्या धारेवर गिरणी चालवण्यासारखे आहे.

आपल्या विद्यार्थिनीने एवढेच केले : चार्जर तोच, वेळ तीच, खेळ तोच, फक्त लॅपटॉप गादीवरून टेबलावर आणला आणि त्याची मागची बाजू दोन पुस्तकांवर उचलून धरली. त्या रात्री खेळ सव्वा तास चालला. कित्येक लॅपटॉप हवा खालच्या जाळीतून आत घेतात, आणि गादी ती जाळी बुजवते. आता संशय उष्णतेवर स्थिरावला.

व्यतिरेकाचे एक मोठे उदाहरण अलीकडचे आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून विंडोज ११ ची २४एच२ ही आवृत्ती देण्यास सुरुवात झाली. त्यानंतर युबिसॉफ्ट कंपनीचे काही खेळ गोठू आणि कोसळू लागले. त्यांत असॅसिन्स क्रीड मालिकेतील ओरिजिन्स, ओडिसी आणि वल्हाला हे खेळ होते, तसेच स्टार वॉर्स आउटलॉज आणि अवतार हेही होते. यंत्र तेच, खेळ तोच, बदलली ती केवळ विंडोजची आवृत्ती. नोव्हेंबर २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने हे खेळ ज्या यंत्रांवर होते तेथे ती आवृत्ती पाठवणे थांबवले, आणि युबिसॉफ्टने पुढे दुरुस्त्या दिल्या. ज्याने आपल्या वहीत ‘आज विंडोज अद्ययावत झाले’ एवढी एक ओळ लिहिली असेल, त्याला लॅपटॉप उघडण्याची गरजच पडली नसेल.

ड्रायव्हरबाबतही हीच कसोटी लावावी. नवा ड्रायव्हर टाकल्यावर त्रास सुरू झाला असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन ‘रोल बॅक’ने जुना परत आणावा. त्रास जुना असेल तर लॅपटॉपच्या कंपनीच्या किंवा ग्राफिक्स कार्डाच्या कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरून नवा घ्यावा. डिस्कॉर्ड किंवा स्टीम यांचे खेळावर उमटणारे ओव्हरले बंद करून पाहणे हाही एक स्वतंत्र, एकटाच करावयाचा प्रयोग आहे.

३. संयुक्त पद्धती

अन्वय आणि व्यतिरेक यांची जोड घालून, घटना जेथे घडते ती उदाहरणे एका बाजूस आणि जेथे घडत नाही ती दुसऱ्या बाजूस मांडणे, ही संयुक्त पद्धती. वसतिगृहात तिच्यासाठी मुबलक साधने असतात. आपला खेळ मित्राच्या लॅपटॉपवर चालवावा. मित्राचा खेळ आपल्या लॅपटॉपवर चालवावा. आपला खेळ दोन्हीकडे बंद पडला आणि मित्राचा दोन्हीकडे चालला, तर यंत्राला दोष देण्याचे कारण उरत नाही.

खेळात दोष आहे असे दिसले तर त्याच्या फायली तपासून घ्याव्यात. स्टीममध्ये खेळाच्या नावावर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये गेले की ‘इन्स्टॉल्ड फाइल्स’ या भागात फायली पडताळण्याची सोय आहे. ज्या फायली खराब वा गहाळ असतील तेवढ्याच ती पुन्हा उतरवून घेते. चोरून उतरवलेल्या खेळाला ही सोय नसते. शिवाय त्याच्या फोडलेल्या फायलींपैकी एखादी अँटिव्हायरसने काढून टाकलेली असते, आणि मग खेळ का चालत नाही याचा शोध घेण्याला अर्थच राहत नाही. कारण आपल्याजवळ जे आहे तो मुळातला खेळच नव्हे. नीतीचा प्रश्न बाजूला ठेवला तरी निव्वळ तर्काच्या दृष्टीने हा तोटा मोठा आहे.

भाषेच्या विद्यार्थ्यांनी माइनक्राफ्ट अवश्य पाहावा. त्याची जावा आवृत्ती कोसळली की ती ‘क्रॅश-रिपोर्ट्स’ नावाच्या फोल्डरमध्ये साध्या मजकुराची फाइल लिहून ठेवते. तीत बहुतेक वेळा कोणत्या मॉडमुळे अडले याचे नाव वाचता येते. संहिता वाचण्याची सवय असलेल्याला यासाठी वेगळे शिक्षण घ्यावे लागत नाही.

रॅमच्या परीक्षेसाठी विंडोजमध्येच ‘मेमरी डायग्नोस्टिक’ नावाचे साधन आहे. खेळ बंद पडतोच, शिवाय साधे काम करतानाही यंत्र अधूनमधून कोसळते, अशी दोन्ही बाजूंची नोंद वहीत असेल तर ती परीक्षा अवश्य घ्यावी.

४. सहपरिवर्तन पद्धती

काही कारणे पूर्णपणे काढून टाकता येत नाहीत. लॅपटॉपमधून उष्णता वजा करता येत नाही. अशा वेळी कारण कमीजास्त केले असता परिणामही त्याच प्रमाणात कमीजास्त होतो का, हे पाहावयाचे असते. हीच सहपरिवर्तन पद्धती.

खेळाच्या सेटिंग्जमध्ये दर सेकंदाला किती चित्रे दाखवावयाची याची मर्यादा घालता येते. ती मर्यादा ६० वरून ३० वर आणली की ग्राफिक्स कार्डाचे काम आणि त्याबरोबर उष्णता कमी होते. आपल्या विद्यार्थिनीने लॅपटॉप पुन्हा गादीवर ठेवला आणि मर्यादा घातली नाही तेव्हा तो २३ मिनिटांत बंद पडला. ६० ची मर्यादा घातली तेव्हा ३८ मिनिटांत. ३० ची घातली तेव्हा तासभर चालला. उष्णता घटत गेली तसा अवधी वाढत गेला. आता संशय राहिला नाही.

तापमान प्रत्यक्ष मोजताही येते. स्वतंत्र ग्राफिक्स कार्डाचे तापमान टास्क मॅनेजर दाखवतो. प्रोसेसरचे पाहण्यासाठी एचडब्ल्यूइन्फोसारखे विनामूल्य साधन वापरावे. आजचे कित्येक प्रोसेसर १०० अंश सेल्सिअसच्या आसपास पोचले की स्वतःचा वेग कमी करतात, आणि त्यानेही भागले नाही तर यंत्र स्वसंरक्षणासाठी बंद होते. तेव्हा अचानक बंद पडणे हा प्रत्येक वेळी बिघाड नसतो. पुष्कळदा ते यंत्राने घेतलेले शहाणपणाचे पाऊल असते.

येथे आपल्या हवामानाचा विचार करणे भाग आहे. लॅपटॉपचा पंखा थंड हवा निर्माण करीत नाही. खोलीतील हवाच तो आत घेतो. खोली २५ अंशांवर असताना जो भाग ८५ अंशांवर राहतो, तोच भाग खोली ४२ अंशांवर गेली की तितक्याच कामाला सुमारे १०० अंशांवर जाऊन भिडतो. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात डिसेंबरात चाललेला खेळ न चालणे, हे म्हणूनच यंत्र जुने झाल्याचे लक्षण मानण्याचे कारण नाही. धुळीचेही तसेच. पंख्याच्या जाळीत साचलेली धूळ हवेचा मार्ग अडवते. ती काढताना पंखा काडीने धरून ठेवावा. वाऱ्याच्या झोताने तो भलत्या वेगाने फिरू देऊ नये.

हीच पद्धती स्मृतीलाही लावता येते. टेक्श्चरची प्रत जितकी उंच तितकी ग्राफिक्स कार्डाची स्मृती अधिक लागते. ती एकेक पायरी खाली आणून खेळ अधिकाधिक वेळ टिकतो का ते पाहावे. रॅम अपुरी पडली की विंडोज डिस्कवरील जागा रॅमसारखी वापरते. म्हणून सी ड्राइव्ह काठोकाठ भरलेला असेल तर खेळ कोसळू शकतो. ८ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर खेळताना ब्राउझरची वीस पाने उघडी ठेवणाऱ्याने इतर कारणे नंतर शोधावीत.

५. अवशेष पद्धती आणि अनेक कारणांची अडचण

ज्ञात कारणांचा वाटा वजा करीत गेल्यावर जे उरते ते उरलेल्या कारणाचे कार्य, असे मानणे म्हणजे अवशेष पद्धती. फायली तपासल्या, ड्रायव्हर बदलून पाहिला, उष्णता मोजली, चार्जर आणि रॅम यांची परीक्षा घेतली, आणि तरीही दोष राहिला, तरच यंत्राच्या अंतर्भागाकडे वळावे. ‘मदरबोर्ड गेला’ हे विधान अवशेष पद्धतीचे शेवटचे वाक्य असू शकते; ते पहिले वाक्य असता कामा नये. वजाबाकी न करताच बाकी सांगणाऱ्याला ती कशी काढली, हे विचारण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे.

मिलच्या पद्धतींवर एक प्रसिद्ध आक्षेप आहे : एकच कार्य निरनिराळ्या कारणांनी घडू शकते. या आक्षेपाचे उत्तम उदाहरण लॅपटॉपचे नसून डेस्कटॉपचे आहे, तरी ते येथे देणे आवश्यक वाटते. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या काही डेस्कटॉप प्रोसेसरांवर अनेक खेळ सुरू होतानाच कोसळत, आणि ‘ग्राफिक्सची स्मृती अपुरी आहे’ अशा अर्थाचा संदेश येई. तो वाचून कोणीही ग्राफिक्स कार्डावरच संशय घेतला असता. परंतु भरपूर स्मृती असलेल्या कार्डांवरही हेच घडत होते. २०२४ च्या प्रारंभी, खेळांतील दाबून ठेवलेली माहिती उलगडण्याचे तंत्र पुरवणाऱ्या रॅड गेम टूल्स या संस्थेने दाखवून दिले की, माहिती उलगडण्याचे काम करताना प्रोसेसरच चुकत आहे. जुलै २०२४ मध्ये इंटेलने, प्रोसेसरच्या मायक्रोकोडमुळे त्याला प्रमाणाबाहेर व्होल्टेज मिळत असल्याचे मान्य केले. ऑगस्टमध्ये सुधारित मायक्रोकोड आला आणि या प्रोसेसरांची हमी दोन वर्षांनी वाढवण्यात आली. मात्र ज्या प्रोसेसरांना आधीच इजा झाली होती ते या सुधारणेने बरे होणार नव्हते. ते बदलून घेणे हाच उपाय होता. लॅपटॉपमधील प्रोसेसरांना हा दोष लागू नाही, असे इंटेलने सांगितले.

यातून दोन बोध घेता येतात. पडद्यावरील संदेश ही साक्ष आहे, निकाल नव्हे. आणि पद्धतशीर वजाबाकी केली असता दोष वापरणाऱ्याचा नसून वस्तूचा आहे, हेही सिद्ध करता येते. हमीच्या काळात हा पुरावा फार मोलाचा असतो.

काही पथ्ये

शेवटी थोडी पथ्ये सांगणे उचित होईल. ‘एका क्लिकमध्ये सर्व ड्रायव्हर अद्ययावत’ करून देणारी किंवा ‘रजिस्ट्री साफ’ करणारी अनोळखी साधने घेऊ नयेत. त्यांनी एकदम इतके बदल होतात की व्यतिरेकाचा प्रयोग अशक्य होतो, आणि कित्येकदा त्यांतूनच नको ते कार्यक्रम यंत्रात शिरतात. खेळ चालावा म्हणून अँटिव्हायरस कायमचा बंद ठेवू नये. बायोस अद्ययावत करावयाचा झाल्यास बॅटरी पुरेशी भरलेली असावी, चार्जर लावलेला असावा आणि मध्येच बटण दाबू नये. हमी चालू असताना लॅपटॉप स्वतः उघडण्यापूर्वी हमीपत्राच्या अटी वाचाव्यात. ज्या बदलाने काही फरक पडला नाही तो पुढचा प्रयोग करण्यापूर्वी मागे घ्यावा, म्हणजे बदलांचा ढीग साचत नाही. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, विंडोज पुसून पुन्हा टाकणे हा शेवटचा उपाय आहे. त्याने दोष कदाचित जाईल, पण पुराव्यासकट जाईल.

समारोप

प्रत्येक दोष या रीतीने घरच्या घरी दुरुस्त होईल, असा दावा येथे नाही. सुकलेली थर्मल पेस्ट बदलणे, खराब रॅम काढणे, सदोष बोर्ड तपासणे ही कामे जाणत्या कारागिराचीच आहेत, आणि चांगला कारागीर हा आदरास पात्र असतो. परंतु त्याच्याकडे ‘गेम चालत नाही, बघा’ एवढे सांगत जाणे आणि ‘गादीवर २३ मिनिटांत बंद पडतो, टेबलावर सव्वा तास चालतो, चार्जर बदलून फरक पडला नाही, रॅमची परीक्षा घेतली आहे’ असे वहीसह सांगत जाणे, यांत मोठा फरक आहे. दुसऱ्या प्रकारे गेलेल्या विद्यार्थिनीचे काम बहुधा पंखा साफ करून आणि पेस्ट बदलूनच भागते. चांगल्या कारागिराचा वेळ वाचतो. आणि कारागीर तसा नसेल, तर नव्या मदरबोर्डाचा खर्च तिच्या घरच्यांच्या माथी मारणे त्याला जड जाते.

कला शाखेचा विद्यार्थी यंत्रापुढे स्वतःला पाहुणा समजतो. यंत्राची भाषा आपल्याला येत नाही असे तो गृहीत धरतो आणि निर्णय दुसऱ्यावर सोपवतो. पण कोणता पुरावा किती वजनाचा, साक्ष कोठे संपते आणि निष्कर्ष कोठे सुरू होतो, हे त्याच्या इतिहासाच्या, साहित्याच्या आणि तर्कशास्त्राच्या तासाला त्याला शिकवलेलेच असते. ते ज्ञान उत्तरपत्रिकेपुरते न ठेवता खोलीतील टेबलावरही वापरून पाहावे, इतकेच येथे सुचवावयाचे आहे.